जाफराबादकडचं तळं आणि त्यावरची पाटी

फोन आला तवा मी गवार मोडत होते. पलीकडचा माणूस फार मऊ बोलत होता. मऊ बोलणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी पाहिजे असतं, म्हणून मी गवार खाली ठेवली.

"मावशी, मी बबनराव बोलून राह्यलो, गावाकडून. मुक्तिदिनाला तळ्यावर कार्यक्रम ठेवलाय. त्या काळातलं आता आपल्या आक्काच तेवढ्या राहिल्या. त्यांचा सत्कार करायचा. अन् तुमच्या सासूबाईचं नाव दगडावर कोरून घेतलं बरं का."

आक्का म्हंजे माझी नणंद, मालकाची थोरली बहीण. नव्वदीला टेकली आहे. दात सगळे गेले, जीभ शाबूत आहे. मालक वारले तवापासून आम्ही दोघी जालन्यात माझ्या लेकाकडं एका खोलीत राहतो आणि भांडतो. सासूबाई म्हंजे आक्काची आई. मी तिला पाहिलंच न्हाई. मालक अंगावर पीत होते तवाच ती गेली. त्यामुळं सासूचा जाच मला झाला न्हाई, तो सगळा आक्कानं भरून काढला.

सासूचं नाव भागीरथा. फोटो न्हाई, समाधी न्हाई, गावात तिच्या नावाचं एक झाडसुद्धा न्हाई. आक्काच्या तोंडात तेवढं ते नाव राहिलेलं. आक्का गेली की संपलं.

मी फोनवरचं सांगितलं. आक्का तंबाखू मळत होती, तिनं हात थांबवला.

"कोरलं म्हणला? का खडूनं लिव्हलं?"

"कोरलं म्हणला."

"मंग जायाचं."

मागं मी अंकुशनगरला भाचीकडं गेल्ते त्याचं लिहिलं होतं, तवा एका बाईनं मला कळवलं की शुद्धलेखन सुधारा. बाई, मी चौथी शिकले. चौथीत जेवढं शुद्ध वाटलं तेवढं माझ्याकडं आहे. पुढं वाचायचं तर वाचा.

आम्ही आदल्या दिवशी निघालो, कारण आक्काला एका दमात एवढा प्रवास झेपत न्हाई. जालन्याच्या स्टँडवरून राजूरकडं जाणाऱ्या एसट्या सकाळी भरपूर आहेत. सकाळीच निघा, नंतर कॉलेजची पोरं भरतात आणि उभं राहावं लागतं. आक्का पंच्याहत्तरीच्या वरची, तिला तिकीट न्हाई. मला बाईमाणूस म्हणून अर्धं. कंडक्टरनं कार्ड मागितलं, कार्डावरचा फोटो बघितला, आक्काकडं बघितलं, म्हणला, "आज्जी, मजा आहे तुमची. सरकार फुकट फिरवून राह्यलं."

आक्का म्हणली, "मला सरकारनं लहानपणी बी फुकटच नेलं व्हतं. तवा तिकिटवाला न्हवता, बंदूकवाला व्हता."

कंडक्टर हसला. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करते.

आक्काचे हात बघितलेत का तुम्ही? कसे बघणार. तिच्या तळहातावर रेघा न्हाईत. धुतलेल्या पाटीसारखे आहेत. बोटांच्या टोकांवर बी काही न्हाई. रेशनच्या दुकानात त्या मशीनवर ती अंगठा दाबते आणि मशीन म्हणतं, ही बाई न्हाईच. दुकानदार म्हणतो, आज्जी, अंगठा पुसून दाबा. आक्का पदराला पुसते, दाबते. मशीन परत तेच. एकदा त्यानं विचारलं, रेघा गेल्या कुठं? आक्का म्हणली, चुन्यानं खाल्ल्या. त्यानं तंबाखूच्या डबीकडं बघितलं आणि म्हणला, एवढी तंबाखू कशाला खाता मंग.

त्याला कोण सांगणार. एका राज्यानं अंगठा खाल्ला, दुसऱ्या राज्याला अंगठ्याशिवाय माणूस पटत न्हाई.

राजूर तासाभरात आलं. रस्ता तिथवर बरा आहे. गणपतीमुळं गर्दी कायम. आम्ही बौद्ध माणसं, देवाला जात न्हाई, पण देवळाबाहेरच्या भज्यांशी आमचं वैर न्हाई. मिरचीची भजी घेतली, आक्कासाठी कांद्याची, कारण ती मऊ असतात. तेल ताजं होतं. चहा मातर पाणी. बाथरूमला जायचं असेल तर स्टँडवर जाऊ नका, समोरच्या हॉटेलवाल्याला नीट विचारा, तो जाऊ देतो.

तिथून जाफराबादला काळी-पिवळी मिळाली. जीप नऊ-दहा माणसांची, ड्रायव्हर पंधरा भरतो. म्हातारी माणसं पुढं बसवा म्हणून भांडावं लागतं. मी भांडले. रस्त्याला खड्डे आहेत, कंबर दुखणाऱ्यानं पाठीमागं काहीतरी मऊ घ्यावं. दोन्ही बाजूला सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, कापसाला बोंडं. मधूनच आक्का खिडकीतून बघून म्हणायची, "हितं झाड व्हतं." कुठल्या झाडाबद्दल बोलते ते मी विचारलं न्हाई. त्या रस्त्यानं तिला पायी नेलेलं.

जाफराबादला माझ्या बहिणीची लेक दिली आहे, तिच्याकडं उतरलो. जावई शाळेत मास्तर. चांगला आहे, जेवताना मोबाइल बघतो एवढंच. भाचीनं धपाटे केलेले, सोबत दही, शेंगदाण्याची चटणी. आक्काला दह्यात कुस्करून दिले.

जावयानं विचारलं, "आक्का, उद्या तुमचा सत्कार कशाबद्दल आहे?"

"मी छावणीत व्हते ना. तळ्याच्या."

"अच्छा अच्छा, चारा छावणी! कोणत्या दुष्काळातली? बहात्तरची का?"

मला हसावं का रडावं कळेना. मास्तरचा काय दोष? आपल्याकडं छावणी म्हणलं की माणसाला जनावरंच दिसतात. पत्र्याची शेडं, उसाचं वाडं, पेंड, दावणीला बांधलेल्या गाई. छावणीत माणसं असतात हे त्याला कोणी शिकवलंच न्हाई, तो पोरांना काय शिकवणार?

आक्का दही चाटून म्हणली, "न्हाई बापू. जनावराच्या छावणीत चारा देतात."

जावयानं मोबाइल खाली ठेवला. मंग ती बोलली. मी हे कैकदा ऐकलं आहे, पण दर वेळी ती जसं सांगते तसंच सांगते, एक शब्द इकडचा तिकडं करत न्हाई. मी माझ्या शब्दांत थोडक्यात लिहिते.

हैदराबादचं राज होतं. आमच्या वस्तीला वेठ पिढ्यानपिढ्या होती. वेठ म्हंजे सरकारनं किंवा पाटलानं बोलावलं की जायचं, मजुरी न्हाई, आणि न्हाई म्हणायची सोय न्हाई. ओझं वाहा, लाकडं फोडा, सरकारी माणसाच्या घोड्याला पाणी दाखवा. पण त्या शेवटच्या साली राज्याला धाक बसला होता. हद्दीजवळ शिपायांचा तळ पडला. तळाला पाणी पाहिजे, म्हणून तळं बांधायचं ठरलं. बांधायला वस्तीतली माणसं. बाप्ये रातोरात हद्द ओलांडून वऱ्हाडात पळाले, तिकडं हैदराबादचा शिपाई जाऊ शकत नव्हता. माझा सासरा बी पळाला. त्याला काय वाटलं, बायापोरांना कोण हात लावतंय.

मंग बायापोरांनाच नेलं. काट्याचं कुंपण, आत पाचटाची छपरं, बाहेर बंदूक. वेठ करून संध्याकाळी घरी जायची सोय संपली. त्याला म्हणायचे छावणी.

बांधाला दगड लागतो आणि चुना लागतो. चुना मळायला घाणी असते. तुमच्यातल्या तरुण माणसांनी पाहिली नसंल. गोल चर खणतात, दगडानं बांधून घेतात, त्यात चुना-वाळू-पाणी टाकतात आणि वरून भलंमोठं दगडी चाक फिरवतात. चाकाला लांब लाकूड, लाकडाला बैल. बैल गोल फिरतो, चुना लोण्यासारखा होतो.

तिथं बैल नव्हते. बैल गावातल्या शेतकऱ्यांचे, त्यांना शिपाई हात लावत नव्हते, बैल मेला तर तक्रार होते. लाकडाला बाया जुंपल्या. भागीरथा त्यांच्यात. आक्काचं काम चाकापुढं पाणी शिंपडायचं आणि कडेला उडालेला चुना हातानं परत चरात ओढायचा. पाठीला माझा नवरा बांधलेला. पहिल्यांदा हाताची आग व्हायची, मंग सालं निघाली, मंग काहीच कळेना.

या सगळ्यांवर मुकादम होता. तो शिपाई नव्हता, परदेशातून आलेला नव्हता. आपल्याच गावचा, पाटलाच्या घरातला. चाबूक त्याच्या हातात.

एक दिवस भागीरथाला ताप होता. ती फिरता फिरता खाली बसली. लाकूड ओढणाऱ्या बाकीच्यांना मागचं दिसत न्हाई. चाक तिच्या पायावरून गेलं. बाया ओरडल्या, थांबल्या. मुकादम आला, बघितलं, आणि काय म्हणला?

"चुना वाळून राह्यला. काम थांबवू नका."

हे वाक्य आक्का नेहमी त्याच्या आवाजात म्हणते. भाचीच्या घरात बी तसंच म्हणली. भागीरथा दोन-तीन दिवस छपरात पडून होती, मंग गेली. घाणी चालू होती. तळं पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत राज्य पडलं. सकाळी शिपाई पळाले, दुपारी मुकादमानं चावडीवर तिरंगा लावला. पहिला झेंडा गावात त्याच्याच हातानं चढला. तो बबनरावाचा आज्या.

जावई म्हणला, "आक्का, हे आमच्या पुस्तकात न्हाई."

"पुस्तकं वाचून काय करायचंय बापू. उद्या दगडावर बघ."

एवढा भरवसा होता तिला त्या दगडावर.

सकाळी ॲपे रिक्षानं निघालो. गावाचं नाव विचारू नका, मी लिहिणार न्हाई. जाफराबादपासून तासाच्या आत आहे, तेवढं पुरे. रिक्षावाला परत यायला तयार असतो पण आधी ठरवून घ्या, नाहीतर दुपारी गावात अडकाल.

तळं चांगलं आहे. हे मान्य करायला पाहिजे. यंदा पाऊस झालेला, काठोकाठ पाणी, पलीकडं जांभळं आणि बाभळी, पाण्यात बगळे. बांध एवढी वर्षं झाली तरी एक दगड हलला न्हाई. फोटो काढायला लोक येतात. तुम्ही बी जाल. नवीन कठडा केलाय, सिमेंटची बाकडी टाकलीत, आणि मधोमध एक मोठं दगडी चाक उभं करून रंगवलंय. अर्धं भगवं, अर्धं निळं, वर पांढऱ्या फुलांची नक्षी. बाजूला पाटी: सेल्फी पॉइंट.

दोन पोरी चाकाच्या मधल्या भोकातून डोकं काढून फोटो काढत होत्या.

आक्का रिक्षातून उतरली आणि थेट चाकाकडं गेली. काठी बी घेतली न्हाई. पोरींनी डोकी काढून घेतली, म्हणल्या, "आज्जी, तुम्हाला फोटो काढायचाय का?"

आक्कानं भोकात हात घातला. आतल्या बाजूनं दगड झिजलेला आहे, तिथं रंग नीट बसला न्हाई. ती बोटानं चाचपडत राहिली. तिच्या बोटांना किती कळतं देव जाणे.

"हेच हाय," मला म्हणली. "ह्याला नटवलं बघ. नवरीवाणी."

बबनराव धावत आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, घामाघूम. आक्काच्या पाया पडला, मनापासून पडला, ते दिसतं. सावलीत खुर्ची, पाण्याची बाटली, पंखा आमच्याकडं वळवला. माणूस वाईट न्हाई. तेच तर अवघड आहे. वाईट असता तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

झेंडावंदन झालं, पाहुण्यांची भाषणं झाली. एक पाहुणा एवढा वेळ बोलला की पोरं उन्हात खाली बसली. मंग आक्काला शाल, नारळ, फेटा. फेट्यात ती चिमणीसारखी दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंग पडदा ओढला आणि काळा, गुळगुळीत, उभा दगड निघाला. पांढरी अक्षरं.

आक्का उठली, माझा दंड धरला. "चल. वाच मला."

आम्ही दगडापुढं गेलो. मी खाली नावांच्या रांगेत बघितलं. होतं. सगळ्यात शेवटी होतं.

"आक्का, हे बघ. भागीरथाबाई."

"बाई लावलं?"

"लावलंय."

"जित्ती व्हती तवा 'ए' म्हणायचे." तिनं ते नाव हातानं चाचपलं. कोरलेलं आहे याची खात्री करून घेतली. तोंड असं झालं होतं तिचं, मी कधी बघितलं न्हाई. आमच्या एवढ्या वर्षांच्या भांडणात मला तिचं ते तोंड कधी दिसलं न्हाई. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

"आता वरून वाच. सगळं वाच."

मी वाचलं. मला वाचता येतंय याचा मला त्या दिवशी राग आला.

"ऐतिहासिक तलाव. ग्रामस्थांच्या श्रमदानातून साकार. प्रेरणा व मार्गदर्शन," आणि खाली मुकादमाचं नाव, आधी 'कैलासवासी' लावून. "श्रमदान करणारे ग्रामस्थ." मंग नावं.

आक्का मुकादमाचं नाव ऐकून थांबली. पण दुसरंच विचारलं.

"श्रमदान म्हंजे काय गं?"

आता बघा. पाणी अडवायचे कार्यक्रम झाले तवा पोरंपोरी टोपल्या घेऊन जायची, फोटो निघायचे, त्याला श्रमदान म्हणतात. चांगला शब्द आहे. मी तिला खरं ते सांगितलं.

"आपण होऊन केलेलं काम. मजुरी न घेता. खुशीनं."

"मजुरी न घेता, ते बराबर हाय." तिनं मान हलवली. "खुशीनं?"

मी परत दगडाकडं बघितलं.

"तो शबूद कुठं हाय? बोट ठेव."

"दोन जागी आहे."

"दोन्ही दाखव."

मी पहिल्या जागी बोट ठेवलं. तिनं कमरेची चंची काढली, चुन्याची डबी उघडली, बोटभर चुना काढला आणि माझ्या बोटाच्या जागी फासला. नीट, सावकाश, भिंत सारवतात तसा. एक अक्षर बाहेर राहू दिलं न्हाई. मंग दुसरी जागा. माईकवाला पोरगा "आता आक्का आपल्याला दोन शब्द" म्हणून राह्यला होता आणि आक्का त्याच्याकडं पाठ करून दगड सारवत होती.

आधी लोकांना वाटलं काही पूजा-बिजा करते. मंग कुजबूज झाली. बबनराव पळत आला.

"आक्का! अहो आक्का, हे काय करून राह्यल्या?"

मागून कोणीतरी विचारलं, कार्यक्रम थांबवायचा का? बबनराव घाबरला होता, पाहुण्यांकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं,

"न्हाई न्हाई, पाव्हणे खोळंबून राह्यले. कार्यक्रम थांबवू नका."

आक्का फिरली. बोटाला चुना तसाच.

"आज्या बी असंच म्हणला व्हता रं तुझा."

"काय म्हणले होते आजोबा?"

"चुना वाळून राह्यला, काम थांबवू नका. माझी माय चाकाखाली व्हती तवा."

तिचा आवाज मोठा न्हाई, पण माईकवाला पोरगा जवळच उभा होता. तळ्याच्या काठापर्यंत गेलं ते. तेवढ्यात एका कार्यकर्त्यानं शहाणपणा केला. दगड पुसायला त्याला फडकं सापडेना, खुर्चीवर आक्काची सत्काराची शाल पडलेली, तीच उचलली आणि घासायला लागला. ओला चुना पसरला. सगळा काळा दगड पांढरट झाला. श्रमदान दिसेना, मुकादम दिसेना, भागीरथाबाई बी दिसेना. मंग कोणीतरी तळ्यातून बादलीभर पाणी आणून ओतलं आणि सगळं परत लख्ख झालं. एक अक्षर गेलं न्हाई. गुळगुळीत दगडाला चुना धरत न्हाई. माणसाच्या हाताला धरतो.

माईकवर सांगितलं की आक्कांना उन्हाचा त्रास झाला, त्या भावुक झाल्या. टाळ्या झाल्या.

नंतर बबनराव आमच्याजवळ येऊन बसला. रडवेला झाला होता.

"आक्का, माझ्या आजोबांनी मला कायम सांगितलं, गावानं मिळून बांधलं. मला दुसरं कोणी काही सांगितलंच न्हाई. अन् मी काय वाईट केलं? आजपर्यंत तुमच्या आईचं नाव गावात कोणी घेतलं का?"

"न्हाई घेतलं."

"मंग?"

"तू घेतलं, ते बी फुकटच्या कामाला."

मी म्हणलं, "बबनराव, एक शब्द बदल. वेठ लिही. बाकी सगळं असू दे, तुझा आज्या बी असू दे."

"मावशी, वेठ आजच्या पोरांना कळत न्हाई. आणि गावाचं नाव किती खराब होईल सांगा. पाहुणे येतात, निधी येतो."

"मंग पोरांना कळवायला मास्तर ठेव. पोरांना सेल्फी कळतो, वेठ का कळणार न्हाई?"

"बघतो," म्हणला. हा शब्द मला चांगला माहीत आहे.

जेवायची पंगत होती. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. मी म्हणलं, आक्का, चल, इथं जेवायचं न्हाई. आक्का म्हणली, "का न्हाई जेवायचं? तवा उपाशी ठेवलं. वाढा म्हणावं." दोनदा बुंदी घेतली. भाजी तिखट होती, पण बरी होती. निघताना बबनरावानं शाल घडी करून दिली, चुन्यानं कडक झालेली. म्हणला, धुतली की निघेल.

परतीला जाफराबादहून सरळ जालन्याची एसटी मिळाली, दुपारची. बसायला जागा मिळते त्या गाडीला. आक्का सगळ्या रस्त्यात झोपली. राजूरला मी एकटीनं भजी खाल्ली.

शाल धुतली, डाग न्हाई निघाला. आमच्या मोरीपुढं पायपुसणं म्हणून टाकली आहे. आक्काच म्हणली टाक.

थोड्या दिवसांनी बबनरावानं मोबाइलवर फोटो पाठवला. नवीन दगड बसवला होता, खाली त्यानं लिहिलं होतं: वाद नको म्हणून ग्रामस्थांची यादी काढून टाकली आहे, सर्वांच्या भावनांचा आदर. मी फोटो मोठा करून वाचला. ऐतिहासिक तलाव. श्रमदानातून साकार. प्रेरणा व मार्गदर्शन, आणि मुकादम. त्याच्या खाली कोरं काळं.

आक्का खाटेवर बसून तंबाखू मळत होती.

"तो शबूद हाय का?"

"आहे."

"मुकादम?"

"आहे."

"माय?"

"न्हाई. काढलं."

तिनं तंबाखू गालात धरली. मंग म्हणली, "बरं झालं. सुटली."

मला न्हाई पटलं. आम्ही त्यावरून दोन दिवस भांडलो. मी म्हणते, वेठीतलं का होईना, नाव पाहिजे होतं, तुझ्यानंतर कोण सांगणार. ती म्हणते, मेल्यावर बी तिला त्या मुकादमाच्या हाताखाली उभी करू का. दोघींचं बी खरं आहे आणि दोघींच्या बी हाती काही न्हाई. तो दगड बबनरावाचा आहे.

तळं बघायला जरूर जा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी भरपूर असतं, सकाळचं ऊन बांधावर पडतं तवा फोटो चांगले येतात. सोबत पाणी घ्या, तिथं दुकान न्हाई. पाटी वाचायची तर वाचा, पण ते रंगवलेलं चाक आहे ना, त्याच्या भोकात डोकं घालण्याआधी हात घाला. आतून झिजलेलं लागेल. ते बैलांनी झिजवलेलं न्हाई. माझ्या सासूनं झिजवलंय, भागीरथानं, आणि खुशीनं न्हाई.